मान खाली घालून

पहाटे ४.३०

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मध्य फिनलंडमध्ये साडेचारला बाहेर चांगलं फटफटलेलं असतं. यूवास्क्युला शहरातल्या हॉटेलात रॅलीचा ड्रायव्हर अजून झोपलेला असतो. नेव्हिगेटर मात्र उठून खिडकीशी गेलेला असतो, कारण रात्री पाऊस पडला की नाही हे त्याला आधी बघायचं असतं. मग तो आपली घड्याळं रॅलीच्या अधिकृत वेळेशी ताडून घेतो, दिवसाचं वेळापत्रक पुन्हा वाचतो आणि वही उघडतो.

१९५१ पासून चालत आलेली फिनलंडची ही रॅली जागतिक अजिंक्यपद मालिकेतली सर्वांत वेगवान मानली जाते. २०२५ मध्ये कॅले रोवनपेरा जिंकला तेव्हा त्याचा सरासरी वेग ताशी १३० किलोमीटरच्या अगदी लगत होता, आणि तोही जंगलातल्या कच्च्या, खडीच्या रस्त्यांवर. असं वाचलं की कुणाच्याही डोळ्यांसमोर स्टिअरिंग धरलेला माणूस येतो. माझं कुतूहल मात्र शेजारच्या सीटवर अडकलेलं आहे. तिथे बसलेला माणूस एवढ्या वेगात समोर बघतच नाही. तो मान खाली घालून वाचत असतो.

तो काय वाचतो ते या वहीत आहे. रॅली सुरू होण्याआधी दोन दिवस रेकी असते. साध्या गाडीतून, वेगमर्यादा पाळून, प्रत्येक स्टेजवरून, म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावरून, फक्त दोनदा जायची परवानगी. पहिल्या फेरीत ड्रायव्हर रस्ता बघत बोलतो आणि नेव्हिगेटर लिहितो. दुसऱ्या फेरीत नेव्हिगेटर वाचतो आणि ड्रायव्हर दुरुस्त्या सांगतो. वळणाला आकडा असतो. बऱ्याच जोड्यांच्या पद्धतीत एक म्हणजे अगदी आवळलेलं वळण आणि सहा म्हणजे जवळजवळ सरळच. दोन वळणांमधलं अंतर मीटरमध्ये. त्याशिवाय चढाचा माथा, उडी, पुढे आवळत जाणारं वळण, गवतात दडलेला दगड. जिथे वळणाचा आतला कोपरा कापला तर चाक जाईल, तिथे ‘कापू नको’. सगळं पेन्सिलीनं, कारण खोडावं लागतंच.

ही युक्ती जगाला पटवली ती १९५५ च्या मिल्ले मिलिया शर्यतीनं. स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसलेल्या डेनिस जेन्किन्सन या पत्रकारानं इटलीतला सगळा रस्ता एका लांबलचक कागदी गुंडाळीवर टिपून आणला होता. इंटरकॉम चालेना म्हणून त्यानं हाताच्या खुणांनी वळणं सांगितली. त्यांची मर्सिडीज १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत पोचली आणि जिंकली.

पहाटे ५.४५

गाड्या रात्रभर पार्क फर्मेमध्ये असतात. म्हणजे कुलूपबंद आवार. रात्री तिथे कुणी गाडीला हात लावायचा नाही, मालकानंही नाही. ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी जोडीला आत सोडतात. पहिलं टाइम कार्ड हातात पडतं आणि इथून रात्रीपर्यंत दिवसाची मालकी नेव्हिगेटरकडे जाते.

टाइम कंट्रोलचा नियम ऐकायला सोपा आहे. ६ वाजून १५ मिनिटांना हजर व्हायचं असेल तर कार्ड त्याच मिनिटात द्यायचं, ६.१५.०० ते ६.१५.५९ या साठ सेकंदांत. उशीर झाला तर दर मिनिटाला १० सेकंदांचा दंड. लवकर गेलात तर दर मिनिटाला अख्ख्या एका मिनिटाचा. ज्या खेळात पहिला आणि दुसरा यांच्यात कधी कधी एका सेकंदाचंही अंतर नसतं, तिथे असा दंड म्हणजे आत्मघातच. म्हणून नेव्हिगेटर गाडीतून उतरून पिवळ्या पाटीजवळ उभा राहतो, घड्याळाकडे बघत. ड्रायव्हर तोवर केळं खात असतो.

सकाळी ६.१५

सकाळची सर्व्हिस पंधरा मिनिटांची. मोठं काम नाही, टायर आणि हवेचा दाब. कडक रबर की मऊ, हे हवामान आणि खडीवर ठरतं. आणखी एक गोष्ट असते: स्टेजवर कितव्या क्रमांकानं निघायचं. शुक्रवारी मालिकेत आघाडीवर असलेल्याला पहिलं निघावं लागतं आणि त्याची गाडी सुटी खडी झाडत जाते. मागच्यांना आयता स्वच्छ रस्ता मिळतो. शनिवारी हे उलटतं आणि रॅलीत पुढे असलेला शेवटी निघतो. यशाची शिक्षा फक्त एक दिवस, ही सोय मला फार न्याय्य वाटते.

सकाळी ६.४५

सर्व्हिस पार्कपासून पहिल्या स्टेजपर्यंतचा रस्ता खुला, सार्वजनिक. रॅलीच्या गाडीला नंबरप्लेट असते, विमा असतो, आणि ती लाल सिग्नलला दूधवाल्या ट्रकच्या मागे निमूट थांबते. पोलिसांनी वेगासाठी पकडलं तर दंड होतो, विश्वविजेत्यालाही. नेव्हिगेटर रोडबुक वाचून वळणं सांगतो, आणि मधल्या वेळात पहिल्या स्टेजची पानं मनात एकदा पुटपुटून घेतो.

सकाळी ७.३०

आता स्पर्धकांच्या आधी स्टेजमधून गाड्या जातात. प्रेक्षकांकडे बघणाऱ्या, सुरक्षा अधिकाऱ्यांच्या, मग तीन शून्यांची, दोन शून्यांची आणि शेवटी एका शून्याची. या गाड्यांमधल्या लोकांनी स्टेज सुरक्षित नाही म्हटलं तर स्टेज होत नाही, मग कितीही प्रेक्षक तिकीट काढून जंगलात बसलेले असोत. या मिरवणुकीत बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या सुरक्षा प्रतिनिधी म्हणून मिशेल मूतों असायच्या. १९८१ मध्ये सानरेमोला जागतिक रॅली जिंकणारी पहिली स्त्री, शेजारी नेव्हिगेटर फाब्रित्सिया पोन्स. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभ्या असलेल्या प्रेक्षकांना हाकलताना मूतोंबाई कुणाची भीड ठेवत नसत म्हणतात. त्यांनी जे बघितलं होतं ते पाहता ते साहजिक आहे.

त्यांचा काळ ग्रुप बीचा होता. पाचशे अश्वशक्तीच्या आसपासच्या हलक्या गाड्या, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून गाडी आली की बाजूला होणारे लोक. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालला एक फोर्ड गर्दीत शिरली आणि तीन प्रेक्षक गेले. २ मे १९८६ ला कोर्सिकात लान्सियाची गाडी दरीत कोसळून पेटली. पुढच्या वर्षापासून ग्रुप बी बंद झाला. आपल्याकडे हे फार लांबचं वाटायचं कारण नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय रॅलीच्या चालू स्टेजवर एक दुचाकी आली, आणि एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. बंद रस्ता म्हणजे फीत बांधलेला रस्ता नव्हे. प्रत्येक पायवाटेच्या, प्रत्येक शेताच्या तोंडाशी माणूस उभा असणं म्हणजे बंद रस्ता. फिनलंडमध्ये ही माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात, आसपासच्या क्लबांमधली. ती पहाटेपासून डासांत उभी असतात.

सकाळी ८.०५

सुरुवातीची रेष. ओउनिनपोह्या, सुमारे ३३ किलोमीटर.

अंगावर आगरोधक कपडे, आतले मोजेसुद्धा. हेल्मेटला जोडलेला मानेचा हान्स पट्टा, जागतिक रॅलीत २००५ पासून सक्तीचा. सहा ठिकाणी बांधणारे पट्टे इतके घट्ट की खोल श्वास घेता येत नाही. ते कापायची कटर दोघांच्याही हाताला येईल अशा जागी. ड्रायव्हरला हातमोजे सक्तीचे, नेव्हिगेटरला नाहीत, कारण त्याला पानं उलटायची असतात. त्याची सीटही वजन खाली राहावं म्हणून इतकी मागे आणि बुडाशी बसवलेली असते की काचेतून त्याला दिसतं ते मुख्यतः आकाश आणि झाडांचे शेंडे. पाच, चार, तीन, दोन, एक तोच मोजतो. दिवा लागायच्या आधी गाडी हलली तर दंड.

मग सुरू होतं ते ऐकणाऱ्याला निव्वळ आकड्यांचं पुटपुटणं वाटतं. सहा उजवा माथ्यावरून, ऐंशी, पाच डावा कापू नको, लगेच सहा उजवा, उडी, शंभर. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. एका सेकंदानं उशीर म्हणजे वळण मागे गेलं. एका सेकंदानं घाई म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यात दोन वळणं एकमेकांवर चढली. प्रत्येक ड्रायव्हरला माहिती किती आधी हवी हे वेगळं असतं, काहींना एक वळण आधी, काहींना दीड. आणि हे सगळं नेव्हिगेटर रस्ता न बघता करतो. गाडी नेमकी कुठे पोचली हे त्याला कंबरेतून कळतं: ब्रेकचा झोका, डावीकडे ढकललं गेलेलं अंग, चढावर हलकं झालेलं पोट. मधूनच क्षणभर मान वर, एखादं घर, एखादा खांब, पुन्हा खाली. ओळ चुकली तर ती शोधायला वेळ नसतो. म्हणून चांगला नेव्हिगेटर ओळ चुकली तर लगेच तसं सांगतो, अंदाजानं काहीही दामटत नाही. ड्रायव्हर वेग उतरवतो, पाच-सात सेकंद जातात, पुढच्या ओळखीच्या वळणावर वही पुन्हा जुळते.

याच स्टेजवर एका पिवळ्या घराजवळ ती प्रसिद्ध उडी आहे. २००३ मध्ये मार्को मार्टिनची फोर्ड इथे ताशी १७१ किलोमीटरनं उडाली आणि ५७ मीटरवर टेकली. फोटो आजही फिरतो. त्यात चाकं दिसतात, धूळ दिसते, लोकांचे वासलेले जबडे दिसतात. शेजारी बसलेला मायकल पार्क त्या क्षणी पुढचं वळण वाचत असणार, कारण टेकल्या टेकल्या ते लागतंच. जमिनीवर आदळताना मणक्यातून कळ जाते, पण आवाज तुटून चालत नाही. ड्रायव्हर शब्द ऐकतो तसा सूरही ऐकतो. शेजारच्याच्या आवाजात भीती आली की त्याचा पाय आपोआप उचलला जातो. अतिवेगामुळे आयोजकांनी ही स्टेज २००७ नंतर बाजूला ठेवली, ती अधूनमधून परत येत राहिली आणि २०२४ मध्ये पूर्ण लांबीनं परतली. जिथे वेग फार वाढतो तिथे गवताचे भारे रचून वाट मुद्दाम वाकडी करतात.

पंधरा-सोळा मिनिटांत स्टेज संपते. टीव्हीचा माइक ड्रायव्हरच्या खिडकीशी जातो. नेव्हिगेटर दुसऱ्या खिडकीतून कार्ड देतो आणि परत आल्यावर त्यावर लिहिलेली वेळ तपासतो.

सकाळी १०.२०

दोन स्टेजच्या मधल्या रस्त्यावर गाडीला हात लावायचा अधिकार फक्त या दोघांना, तोही गाडीत असलेल्या हत्यारांनी. मेकॅनिक फोनवर सांगू शकतो, स्पर्श करू शकत नाही. म्हणून नेव्हिगेटरला पाना धरता यावा लागतो. सस्पेन्शनचा दांडा बदलणं, तुटलेला बंपर पट्ट्यानं आवळणं, पंक्चर झालेलं चाक स्टेजवरच दीड-दोन मिनिटांत बदलणं. २०१४ मध्ये मेक्सिकोत शेवटच्या स्टेजनंतर थिएरी न्यूव्हिल आणि निकोला जिलसूल यांच्या ह्युंदाईचा रेडिएटर गळू लागला. तिसरा आल्याबद्दल मिळालेली बिअरची भलीमोठी बाटली गाडीत होती. ती त्यांनी रेडिएटरमध्ये ओतली, वेळेत सर्व्हिसला पोचले आणि तिसरा क्रमांक टिकवला.

सकाळी ११.१०

दुसरी स्टेज. समजा वळणापलीकडे एक गाडी झाडात घुसलेली आहे.

अशा वेळी काय करायचं याला चर्चेची जागा नाही. अपघात झालेल्या जोडीनं, दोघं ठीक असतील तर, ओकेचं बटण दाबायचं. गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर लाल त्रिकोण ठेवायचा आणि मागून येणाऱ्या किमान तीन गाड्यांना हिरव्या अक्षरांतली ओके पाटी दाखवायची. त्रिकोण घेऊन पळतो तो बहुधा नेव्हिगेटर, त्याच्या बाजूचं दार उघडलं तर. मदत हवी असेल तर त्याच पाटीची दुसरी बाजू, लाल एसओएस. ती दिसली, किंवा गाडी चेपलेली आहे आणि आत हालचाल नाही असं दिसलं, की पहिल्या येणाऱ्या जोडीनं थांबायचंच. मग ती जोडी रॅली जिंकत असली तरी. दुसरी येणारी गाडी पुढच्या रेडिओ पॉइंटला निरोप नेते. थांबलेल्यांना नंतर योग्य ती वेळ मोजून दिली जाते. या खेळाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या एका नियमामुळे, आणि तो पाळला जातो त्यामुळे.

झाडाचा धोका शेजारच्या सीटलाही असतो. १८ सप्टेंबर २००५ ला वेल्समधल्या मार्गम स्टेजवर मार्टिनची प्यूजो नेव्हिगेटरच्या बाजूनं झाडावर आदळली. पिवळ्या घरावरून त्याच्यासोबत उडालेला मायकल पार्क जागीच गेला, मार्टिनला विशेष लागलं नाही. उरलेल्या स्टेज रद्द झाल्या. सेबास्तियन लोब तेव्हा पहिला होता, जिंकला असता तर विश्वविजेतेपदही त्याच दिवशी नक्की होत होतं. त्यानं आणि त्याचा नेव्हिगेटर डॅनिएल एलेनानं टाइम कंट्रोलवर मुद्दाम दंड ओढवून घेतला आणि पहिला क्रमांक सोडला. मार्टिन पुन्हा पूर्ण मोसम कधीच खेळला नाही. कोर्सिकात १९८६ मध्ये दरीत गेलेल्या गाडीतही दोघं होते. ड्रायव्हर हेन्री तोइव्होनेनचं नाव रॅलीच्या कुठल्याही चाहत्याला ठाऊक असतं. नेव्हिगेटर सर्जिओ क्रेस्तोचं आठवायला बहुतेकांना थोडा वेळ लागतो.

पार्कच्या मृत्यूनंतर बाजूच्या धडकेकडे नीट लक्ष गेलं. सीटचे कान मोठे झाले, सीट आणि दार यांच्यात जागा वाढली, दारात ऊर्जा शोषणारा फोम आला. २०२२ च्या नव्या गाड्यांना तर दुकानातल्या गाडीचा सांगाडाच राहिला नाही. माणसांभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा आधी बांधायचा आणि बाहेरचं रूप त्यावर चढवायचं. तरीही एप्रिल २०२३ मध्ये क्रोएशियात सरावादरम्यान ड्रायव्हर क्रेग ब्रीन गेला. गाडी कुंपणाच्या खांबावर गेली होती.

दुपारी १२.४५

चाळीस मिनिटांची सर्व्हिस. मेकॅनिक गाडीखाली शिरतात. पूर्ण गिअरबॉक्स वीस मिनिटांच्या आत बदलणारी ही माणसं, त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. नेव्हिगेटर हातात पास्त्याची वाटी घेऊन वहीच्या समोर बसतो. दुपारी त्याच स्टेज पुन्हा आहेत, पण रस्ता तोच राहिलेला नाही. सकाळच्या चाकांनी चर पाडले, वरची खडी गेली, खालचे दगड उघडे पडले. सकाळचा ‘सहा’ दुपारी ‘पाच’ असू शकतो. ड्रायव्हर इंजिनीअरशी डिफरन्शियलबद्दल बोलत असतो, मधेच मागे वळून दोन शब्द टाकतो. नेव्हिगेटर खोडतो, लिहितो.

दुपारी २ ते संध्याकाळी ६

तीच वळणं, थकलेली माणसं. गाडीत उकाडा. याबद्दल सांगण्यासारखं खरं तर थोडंच आहे. चूक होते ती याच वेळात.

आणि चूक झाली तर? मार्च २०१५, मेक्सिको. ऑट तानाकची फोर्ड रस्ता सोडून थेट तळ्यात गेली आणि सुमारे मिनिटाभरात बुडाली. तो आणि नेव्हिगेटर रायगो मोल्डर पोहून वर आले. संध्याकाळी गाडी बाहेर काढली, मेकॅनिकांनी पाणी उपसलं, इंजिन उघडलं, पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी तीच गाडी रांगेत उभी होती. शनिवारी बाद झालेल्याला रविवारी वेळेचा दंड घेऊन परत येता येतं, म्हणून दिवसाच्या शेवटच्या तासातही नेव्हिगेटर घड्याळ सोडत नाही.

संध्याकाळी ७.१५

४५ मिनिटांची सर्व्हिस, मग गाडी पुन्हा कुलपात. कार्ड जमा. ड्रायव्हरला पत्रकार घेरतात. नेव्हिगेटर त्यांच्या कडेनं वाट काढतो, बहुधा त्याला कुणी अडवत नाही. शेखर मेहतांनी १९७३ मध्ये आणि पुढे १९७९ ते १९८२ अशी ओळीनं चार वर्षं, म्हणजे एकूण पाच वेळा सफारी रॅली जिंकली, हे आपल्याकडे जुन्या वाचकांना अभिमानानं आठवतं. त्यातल्या शेवटच्या चारही वेळी शेजारी बसलेला माइक डाउटी कुणाला आठवतो? रेल्वेच्या गार्डसारखं आहे हे. गाडी तो चालवत नाही, पण त्याच्याशिवाय ती सुटत नाही.

या सीटवरचे लोक पुढे कुठे पोचतात ते मात्र बघण्यासारखं आहे. जाँ टॉड नेव्हिगेटर होते. पुढे फेरारीचा फॉर्म्युला वन संघ त्यांनी चालवला आणि २००९ ते २०२१ ते महासंघाचे अध्यक्ष होते. १९८१ मध्ये आरी वाटानेनला विश्वविजेता करणारे डेव्हिड रिचर्ड्स प्रोड्राइव्हचे संस्थापक झाले. वेळ, कागद, नियम, दुसऱ्याच्या मनःस्थितीचा अंदाज. हा धडा स्टिअरिंग धरणाऱ्याला सहसा मिळत नाही.

रात्री ९.३०

बाहेर अजून उजेड आहे. हॉटेलच्या खोलीत रेकीचं चित्रण लॅपटॉपवर चालू, वही मांडीवर. रविवारी गुणांचे दोन वेगळे हिशेब असतात. फक्त त्या दिवसाच्या कामगिरीला पाच, चार, तीन, दोन, एक, आणि शेवटच्या पॉवर स्टेजला पुन्हा तितकेच. त्यामुळे आघाडीवर असलेल्यालाही सांभाळून घरी जाणं परवडत नाही, आणि मागे पडलेल्यालाही सोडून देणं. गाडी सावकाश चालवायची की सगळं पणाला लावायचं, यावर दोघं बोलतात. लोब आणि एलेना यांनी नऊ विश्वविजेतेपदं एकत्र जिंकली. सेबास्तियन ओजिए आणि ज्युलियन अँग्रासिया यांनी आठ. नवरा-बायकोचे संसार इतके टिकत नाहीत, असं म्हणण्याचा मोह होतो, पण या जोड्याही मोडतात. कधी पैशावरून, कधी एका चुकलेल्या ओळीवरून.

आजच्या चर्चेचा विषय लहान आहे. रविवारच्या पहिल्या स्टेजवर, एका माथ्यानंतरचं डावं वळण. वहीत ‘पाच’ लिहिलंय. नेव्हिगेटर चित्रण तीनदा मागे-पुढे करतो आणि म्हणतो, पाच नाही, पाच वजा. ड्रायव्हरचं म्हणणं, पाचच, रस्ता रुंद आहे. नेव्हिगेटर चित्र थांबवून बाहेरच्या कडेचा दगड दाखवतो. ड्रायव्हर वाकून बघतो, थोडा वेळ काही बोलत नाही, मग म्हणतो, बरं, वजा कर.